लाल ताठर, पिवळी मनमिळाऊ

मनुष्यजातीने आजवर जी काही प्रगती केली, ती एका वस्तूमागे दुसरी वस्तू अडकवून केली आहे. घोड्यामागे गाडी अडकवली तेव्हा व्यापार सुरू झाला, इंजिनामागे डबे अडकवले तेव्हा तो वाढला, आणि नावामागे पदव्या अडकवल्या तेव्हा त्या व्यापारावर व्याख्याने देणारे विद्वान निर्माण झाले. या सर्व प्रकारांत पुढची वस्तू ओढते आणि मागची ओढली जाते, एवढे ध्यानात ठेवले की काम भागते. अडचण येते ती थांबताना. पुढची वस्तू थांबली आहे, हे मागच्या वस्तूला कोणीतरी कळवावे लागते.

ट्रक आणि ट्रेलर यांच्यात हा निरोप पोचवण्याचे काम हवा करते. ट्रकच्या पाठीवर दोन पाइप वेटोळे घालून बसलेले असतात, एक लाल आणि एक पिवळा. त्यांची तोंडे ट्रेलरच्या कपाळावर असलेल्या तशाच दोन तोंडांना जोडायची. ही तोंडे तळहातासारखी चपटी असतात. तळहातावर तळहात ठेवायचा, दाबायचा आणि पाव वळसा पिळायचा, की झाली जोडणी. मग ट्रकमधली हवा ट्रेलरात जाते आणि ड्रायव्हरच्या पायाखाली जे घडते ते चाळीस फूट मागच्या चाकांना समजते. या दोन लाइनींचे स्वभाव मात्र भिन्न आहेत. वाचकाला घाई असेल तर बाकी सगळे विसरावे, एवढे एक वाक्य तेवढे लक्षात ठेवावे: लाल नीट बसली नाही तर ट्रेलर हलत नाही, पिवळी नीट बसली नाही तर ट्रेलर थांबत नाही.

आता ज्या मालवाहतूक कंपनीची ही हकीकत आहे, तिने आपल्या सर्व ट्रेलरांना नवीन कपलिंगे, म्हणजे जोडणीची ही चपटी तोंडे, बसवली. ती जुन्यांपेक्षा तिप्पट टिकाऊ होती. त्यांच्या तोंडातला रबरी वायसर इतका दणकट होता, की तो सहजासहजी दबतच नसे, आणि जे दबत नाही ते झिजत नाही, हे शास्त्रही सांगते. नवीन कपलिंग कसे बसवावे याचे प्रात्यक्षिक विक्रेत्याने साहेबांच्या खोलीत, टेबलावर, खुर्चीत बसल्या बसल्या, दुसऱ्या हातात चहाचा कप धरून करून दाखवले. अकरा सेकंद लागले. त्यात चार सेकंद चहाचा घोट घेण्यात गेले. तेव्हापासून 'अकरा सेकंद' ही कंपनीच्या यार्डाची अधिकृत प्रमाणवेळ ठरली.

यार्डात टेबल नव्हते. यार्डात ड्रायव्हरला केबिन आणि ट्रेलर यांच्या मधल्या फटीत चढावे लागे. ही जागा दोन माणसांना भांडता येईल पण वळता येणार नाही, एवढी. पायाखाली ग्रीस लागलेला पत्रा. एका हाताने चौकट धरायची आणि दुसऱ्या हाताने, खांद्याच्या वर, स्प्रिंगसारखा मागे ओढणारा पाइप पुढे रेटत पिळायचा. त्यात ट्रेलरच्या लाइनीत आदल्या फेरीची हवा कोंडून राहिलेली असली, तर ती आतून ढकलायची. म्हणजे बाहेरून माणूस ढकलतोय, आतून हवा ढकलतेय, आणि मध्ये वायसर तटस्थ.

या जोडणीच्या प्रचलित पद्धतींची एक पाहणी करता आली. शंभरांतले चाळीस ड्रायव्हर गुडघ्याचा वापर करत. तीस जण खांदा लावत. वीस जण कपलिंगच्या आईबहिणींची विचारपूस करत. उरलेले दहा जण दुसऱ्या ड्रायव्हरला हाक मारत, आणि तो येऊन वरीलपैकी एक पद्धत वापरत असे. खर्ची पडणाऱ्या एकूण ताकदीपैकी निम्मी पाइपात जाई व निम्मी मनगटात उतरे. मनगटात उतरलेली ताकद संध्याकाळी सुजून वर येत असे.

कामगारांच्या अडचणी समजून घेण्याबाबत ही कंपनी अतिशय जागरूक असल्यामुळे तिने लगोलग एक फॉर्म काढला. 'नमुना ज-७'. त्यात एकच प्रश्न होता: 'जोडणी सुलभ झाली काय? हो / नाही.' 'हो' वर खूण केली की गाडी सुटली. 'नाही' वर खूण केली तर सोबत जोडायची कागदपत्रे अशी: कपलिंगचा फोटो, कपलिंगसह ड्रायव्हरचा फोटो (चेहरा हसरा नसावा), तसेच जोडणी होत नसताना प्रत्यक्ष हजर असलेल्या पण मदत न केलेल्या साक्षीदाराची सही. असे साक्षीदार यार्डात विपुल होते, पण सही करायला कोणी तयार नसे. सगळे तीन प्रतींत. तोवर गाडी उभी आणि उशीर ड्रायव्हरच्या नावावर.

पहिल्या तिमाहीचे आकडे आले. एकूण जोडण्या चार हजार एकशे बारा. सुलभ झालेल्या चार हजार एकशे अकरा. साहेबांनी हा तक्ता मोठा करून भिंतीवर लावला. तक्त्याच्या कडेला एक लहानसा काळा ठिपका होता. तो छपाईतला दोष असावा असे पाहुण्यांना वाटे. प्रत्यक्षात तो पैलवान होता.

पैलवान हे त्याचे यार्डातले नाव. (वजन चौपन्न किलो, बुटांसह.) तीस वर्षे तो ट्रेलर चालवत होता. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्या अकरा महिन्यांबाबत त्याची एकच इच्छा होती: ते आपल्या सीटवर, आपल्या ट्रेलरच्या पुढे बसून काढायचे. यार्डातल्या नियमांप्रमाणे ज्याच्या नावावर तीन प्रतिकूल नोंदी होतील, त्याला गाडीवरून काढून गेटवर बसवत. गेटवर काम असे काही नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायच्या. पैलवान म्हणे, "आयुष्यभर गाडीतून गेटं मोजली, आता गेटातून गाड्या मोजायला लावू नका म्हणजे झालं." तीस वर्षांत त्याच्या नावावर एकही नोंद नव्हती. त्याचे कारण त्याने आजवर काही लिहून दिले नव्हते.

तक्त्यात न बसलेल्या त्या एका जोडणीच्या दिवशी त्याने लिहिले. 'हो' आणि 'नाही' यांवर खूण न करता फॉर्मच्या तळाशी, जिथे 'येथे काही लिहू नये' असे छापलेले होते तिथे, स्वच्छ अक्षरात त्याने पुढील मजकूर भरला:

'लाल फार ताठर आहे. पिवळी वरून मनमिळाऊ वाटते पण आतून गळते. हवा काढल्याशिवाय दोघीही जुळवून घेत नाहीत. जोर केल्यास हात दुखावतो. तरी दोघींचे बघावे.'

तक्रार म्हणून हा मजकूर निर्दोष आहे. त्यात कपलिंग हा शब्द तेवढा राहून गेला.

फॉर्म नोंदणी विभागात गेला. तिथल्या बाई कामात चोख. त्यांनी मजकूर दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि 'यांत्रिक' असे लिहिलेल्या खणाऐवजी 'वर्तन व परस्परसंबंध' असे लिहिलेल्या खणात टाकला. त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. ताठर, मनमिळाऊ, जुळवून न घेणे, आतून गळणे, हवा, आणि दोघींचे बघावे. इतका संसारी मजकूर कोणत्या समंजस माणसाने नटबोल्टांच्या खणात टाकला असता?

तीन सदस्यांची चौकशी समिती नेमली गेली. लाल कोण आणि पिवळी कोण, हा पहिला प्रश्न. इमारतीच्या तीन मजल्यांची पाहणी करून समितीने दोन व्यक्ती निश्चित केल्या. स्वागतकक्षात बसणाऱ्या बाईंचा स्वेटर लाल होता, आणि पत्रव्यवहार पाहणाऱ्या बाई रोज पिवळी पर्स आणत. दोघींकडून खुलासा मागवण्यात आला. लाल स्वेटरच्या बाईंनी लिहून दिले की आपण ताठर नसून डॉक्टरांनी मानेला पट्टा दिलेला असल्याने आपल्याला वळून बघता येत नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पिवळ्या पर्सच्या बाईंनी अधिक कडक शब्दांत कळवले की कार्यालयातली कोणतीही बातमी आजवर आपल्याकडून गळलेली नाही, गळती दुसऱ्या मजल्यावरून होते आणि कोणाकडून होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. यावर दुसऱ्या मजल्याने आपला खुलासा, कोणी मागितलेला नसताना, स्वतःहून सादर केला.

समितीचा अहवाल बासष्ट पानांचा झाला. निष्कर्ष तर्कशुद्ध होता. ज्या अर्थी इमारतीत कोणीही ताठर आढळले नाही, आणि ज्या अर्थी ताठरपणाची तक्रार तर अस्तित्वात आहे, त्या अर्थी तो ताठरपणा तक्रार करणाऱ्याचाच असला पाहिजे. पैलवानाच्या नावावर पहिली नोंद झाली: 'सहकाऱ्यांबाबत ताठर दृष्टिकोन.'

साहेबांनी त्याला बोलावून घेतले. साहेब मनाने चांगले होते. यार्डातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते नावाने ओळखत (नावांचा तक्ता काचेखाली होता). पैलवानाने टोपी काढून, दोन्ही हातांनी कपलिंगचा आकार करून दाखवत, लाल आणि पिवळी कोण याचा उलगडा केला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले की कपलिंगबद्दल म्हणायचे असेल तरी मुद्दा तोच राहतो, आणि त्यांनी दुसरा तक्ता पुढे सरकवला.

"हे बघ. गेल्या महिन्यात लाल लाइनीमुळे एकवीस गाड्या उशिरा सुटल्या. पिवळीमुळे एकही नाही. शून्य. मग पिवळीबद्दल तक्रार कसली?"

"साहेब, पिवळीमुळे गाड्या उशिरा सुटत नाहीत. उशिरा थांबतात."

साहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. मागची बाजूही पाहिली.

"उशिरा थांबण्याचा रकाना आपल्याकडे नाही," ते म्हणाले.

इथे साहेबांना हसण्याचे कारण नाही. जी वस्तू अडवते ती दिसते. जी अडवत नाही ती चांगली वाटते. बिघडली की जागच्या जागी ट्रेलर धरून ठेवणारी लाल, ही कोणत्याही कार्यालयात अप्रियच होणार. आणि बिघडली तरी हूं की चूं न करता सगळ्यांबरोबर निमूट निघणारी, उतारापर्यंत एका शब्दाने न बोलणारी पिवळी, हिला बढती मिळणार. कपलिंगांचे सोडा, माणसांच्या बढत्यांतही पाहा.

पैलवानाला तीन दिवसांच्या 'लवचिकता शिबिरा'ला पाठवण्यात आले. शिबिराचे मार्गदर्शक तरतरीत गृहस्थ होते आणि अनवाणी चालत. त्यांनी सर्वांना जोड्यांनी समोरासमोर उभे केले, तळहाताला तळहात लावायला सांगितले आणि हलकेच पीळ देत डोळे मिटायला लावले. "समोरचा ताठर वाटतोय? जोर लावू नका," ते म्हणाले. "आधी आतली हवा काढा. मग बघा कसं जुळतं."

"मी पण तेच लिहिलं होतं," पैलवान म्हणाला. मार्गदर्शकांना भरून आले. शिबिरातला सर्वोत्तम प्रशिक्षणार्थी म्हणून त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद आला. 'शिबिरानंतर आपल्यात कोणता बदल झाला?' पैलवानाने बराच विचार केला. खोटे लिहिणे त्याच्या जिवावर आले. त्याने लिहिले: 'माझ्यात झाला. वायसर तोच आहे.' ही दुसरी नोंद.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचे उजवे मनगट टम्म पुरीसारखे फुगले होते. त्याची बायको एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दोनशे माणसांचा भात ती रोज चार मोठ्या कुकरांतून काढत असे. दोन नोंदी झाल्या, तिसरी झाली की गेट, एवढे त्याने सांगितले. तिने कोमट पाण्याचे पातेले पुढे ठेवले आणि त्याचा हात त्यात बुडवला. गेटवर सकाळी नऊ ते पाच अशी वेळ असते हे कळल्यावर ती खरोखर गंभीर झाली.

"म्हणजे रोज पाच वाजता घरी?"

"रोज."

"अहो, तीस वर्षं आपला संसार सुखाचा झाला तो तुम्ही आठवड्यातून दोनदा घरी येत होता म्हणून. तिसरी नोंद करून घ्यायची नाही, सांगून ठेवते. काय ते बसत नाही म्हणता?"

त्याने वायसरचे वर्णन केले. ती ऐकत होती ती हळूहळू हसायला लागली. नवी रबरी रिंग कुकरच्या झाकणात कोरडीच रेटायची आणि मग झाकण बसत नाही म्हणून कुकरशी कुस्ती खेळायची, हे फक्त पुरुषच करू शकतात, असे तिचे म्हणणे पडले. रिंगेला बोटाने साबणाचा हात फिरवायचा. आत वाफ कोंडलेली असेल तर आधी शिटी उचलून ती जाऊ द्यायची. आणि झाकण बसले असे वाटले तरी कान लावून बघायचे, कडेने फुसफुसतेय का. ते फुसफुसत असेल तर बसलेले नाही. "एवढं तर आमच्या कुकरला कळतं," ती म्हणाली, आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत साबणाचा एक तुकडा घालून तिने डबी त्याच्या खिशात सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून पैलवानाची कपलिंगे बसू लागली. आधी तो ट्रेलरच्या टाकीची कडी ओढून कोंडलेली हवा सोडायचा. मग वायसरवर ओल्या साबणाचे बोट. मग एका हाताने, गुडघा न लावता, कोणाच्या आईची आठवण न काढता, पाव वळसा. शेवटी केबिनमध्ये एक लाकडी दांडा सीट आणि ब्रेकचे पेडल यांच्यात अडकवायचा, म्हणजे ब्रेक दाबलेला राहतो व पिवळीत हवा येते, आणि खाली उतरून पिवळीला कान लावायचा. गप्प असेल तर निघायचे. या सगळ्याला चार मिनिटे लागत. मनगटाची सूज आठ दिवसांत उतरली. यार्डातल्या आणखी पाच-सहा जणांनी घरून साबण आणला. जे ताठर होते ते पुष्कळ अंशी नरम झाले, आणि यासाठी एकही फॉर्म भरावा लागला नाही.

अर्थात हे फार दिवस चालणे शक्य नव्हते. महिनाअखेरीस परिपत्रक निघाले. त्यातला महत्त्वाचा भाग असा: (एक) साबणाचा वापर स्वच्छतागृहापुरता मर्यादित ठेवावा. (दोन) चार हजारांहून अधिक जोडण्या साबणाशिवाय सुलभ झाल्याची नोंद उपलब्ध असल्याने साबण अनावश्यक आहे. (तीन) प्रमाणवेळ अकरा सेकंद. (चार) कपलिंगांना कान लावताना कर्मचारी आढळल्यास बाहेरच्या लोकांचा गैरसमज होतो, तरी लावू नये. हे परिपत्रक काढणाऱ्या विभागाने नंतर असेही सुचवले होते की ज्यांना पिवळीचा आवाज ऐकू येतो त्यांचे कान तपासावेत.

बाकीच्यांनी साबण घरी नेला. सुसाट नावाचा एक ड्रायव्हर होता, त्याने तर साबण कधी आणलाच नव्हता. तो फटीत चढायचा, खाड असा आवाज यायचा, 'हो' वर खूण करायचा आणि निघायचा. त्याची वेळ नऊ सेकंद होती. तक्त्यावर त्याच्या नावासमोर साहेबांनी स्वतःच्या हाताने तारा काढला होता. पैलवानाने डबी खिशातच ठेवली, पण यार्डात ती काढायची सोय राहिली नाही. साबणाशिवाय, दांड्याशिवाय, मनगटाच्या जोरावर एके सकाळी त्याने दोन्ही लाइनी बसवल्या. अकरा सेकंद काही जमले नाहीत, चौदा लागले. गेटवरच्याने हात दाखवला. गाडी हलली, म्हणजे लाल बसली होती.

गेटाबाहेर रस्त्याला लागताना त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि मागून फुसफुस ऐकली.

आवाज मोठा नव्हता. केबिनची काच वर असती तर ऐकूही आला नसता. पुढे दोन वळणे, मग शाळेच्या कुंपणाला लागून जाणारा लांब उतार, आणि ट्रेलरवर बावीस टन फरश्या. पैलवानापुढे दोन मार्ग होते. तो जाऊ शकत होता. बहुतेक जण जातात आणि बहुतेक वेळा काही होत नाही. किंवा थांबू शकत होता. पण ट्रक रस्त्यावर आणि ट्रेलर अर्धा गेटात, अशा अवस्थेत थांबणे म्हणजे दोन्ही बाजूंची वाहतूक बंद. त्याच्या नावावर दोन नोंदी होत्या. अकरा महिन्यांतले आठ उरले होते. त्याने हँडब्रेक ओढला, खिशातली डबी काढली आणि फटीत चढला.

आता वाचकांपैकी काहींना ही सकाळ आठवत असेल. नसेल तर हरकत नाही, आठवण करून देता येईल. तुम्ही त्याच्या मागे तिसऱ्या गाडीत होता. तुम्हाला कुठेतरी पोचायचे होते. कुठे ते आता तुम्हालाही सांगता येणार नाही, पण घाईचे होते. एक माणूस आरामात उतरला, ट्रकच्या पाठीला चिकटून उभा राहिला आणि हाताला साबण लावू लागला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. भर रस्त्यात. तुम्ही पहिला हॉर्न वाजवलात तो साधा होता. दुसरा जरा लांब. मग तो माणूस केबिनमध्ये जाऊन ब्रेकवर दांडा अडकवून आला, त्याने पाइपाला कान लावला, आणि तुम्हाला वाटले की याला वेड लागले आहे की काय, म्हणून तुम्ही हॉर्नवर हात ठेवलात तो उचललाच नाही. तुमचे पाहून मागच्यांनीही ठेवला.

तुमच्या हॉर्नात त्याला फुसफुस ऐकू येईना. म्हणून त्याने पिवळी सोडली, पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून बसवली. चाराची सात मिनिटे झाली ती त्यामुळे. मग तुमच्याकडे वळून तो दोन्ही हात जोडून काहीतरी म्हणाला. तुमच्या काचा वर होत्या. "एक मिनिट गप्प बसा, दादा, मला ऐकू द्या," असे तो म्हणत होता.

अखेर तो निघाला. उतारावर तुम्ही गाडी त्याच्या पुढे काढलीत आणि सिग्नलला एकाएकी ब्रेक लावलात, कारण शाळेतली मुले रस्ता ओलांडत होती. बावीस टन फरश्या तुमच्या मागे येऊन, तुमच्या डिकीपासून हातभर अंतरावर, निमूट थांबल्या. तुम्ही आरशात पाहिले नाही. तुम्ही फोन लावत होता. ट्रेलरच्या मागे मोठ्या अक्षरांत नंबर लिहिला होता, 'आमच्या ड्रायव्हरबद्दल काही सांगायचे आहे?', तो तुम्ही मघाशी त्याच्या मागून येताना टिपून घेतला होता. फोन घेणाऱ्या बाईंनी विचारले की ड्रायव्हरच्या वागणुकीचे एका शब्दात वर्णन करा. तुम्ही क्षणभर योग्य शब्द शोधलात. तुमची भाषा चांगली आहे.

"ताठर," तुम्ही म्हणालात. "हलायलाच तयार नव्हता."

तिसरी नोंद त्याच दिवशी झाली. पैलवान आता गेटवर असतो, नऊ ते पाच. त्याची बायको वसतिगृहात संध्याकाळचीही पाळी करू लागली आहे. त्याचा ट्रेलर सुसाटकडे दिला आहे.

तुमच्या तक्रारीचे उत्तर कंपनीने पाठवले होते. ते तुम्ही वाचलेले दिसत नाही, म्हणून इथे देतो: 'महोदय, आपणास झालेल्या खोळंब्याबद्दल दिलगीर आहोत. योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. आपल्या रोजच्या रस्त्यावर हा ट्रेलर यापुढे कधीही थांबणार नाही, याची आम्ही हमी देतो.'